जगमान्य नमुना

दारव्ह्याच्या तहसील कचेरीच्या आवारात कडुनिंबाखाली एक घडीचं टेबल आहे. त्या टेबलामागे वामनराव गावंडे एकतीस वर्षं बसले आहेत. त्यांचा धंदा अर्जनवीसाचा. लोकांची तक्रार सरकारला कळेल अशा भाषेत लिहून द्यायची, एवढंच काम. वामनराव ते इतकं मन लावून करत, की अर्ज वाचून झाल्यावर आपली तक्रार नेमकी काय होती हे त्या माणसाला आठवत नसे. शेजाऱ्याच्या म्हशीनं तूर खाल्ली एवढं सांगायला आलेला शेतकरी ‘सदर जनावराने अर्जदाराच्या वहिवाटीस वारंवार बाधा आणली असून’ असा कागद घेऊन परत जायचा आणि वाटेत त्या म्हशीकडे जरा आदरानं पाहायचा.

बोरी अरबला घर, दारव्ह्याला टेबल. रोज सकाळी जीपमध्ये पुढची जागा. ड्रायव्हर त्यांना ‘वकीलसाहेब’ म्हणायचा आणि वामनराव ते दुरुस्त करत नसत.

पुढे काय झालं, की या भागातली पोरंपोरी परदेशी जायला लागली. कोणी आखातात ड्रायव्हर म्हणून गेलं, कोणी युरोपात नर्स. त्या देशांचे फॉर्म कडुनिंबाखाली येऊ लागले. वामनराव चष्मा पुसून ते वाचत. प्रत्येक फॉर्मात नाव होतं, बापाचं नाव होतं, जन्मतारीख, पत्ता, आणि शेवटी ‘वरील माहिती खरी आहे’ अशा अर्थाचं वाक्य होतं. दहा-बारा देश वाचून झाल्यावर एका दुपारी वामनरावांना साक्षात्कार झाला.

“कायदा जगभर एकच हाये,” त्यांनी शेजारच्या स्टॅम्पवाल्याला सांगितलं. “ह्या देशाईनं निसत्या चौकटी बदलवल्या. कोणीतरी बसून सगळा एका जागी आणला पाह्यजे.”

तो कोणीतरी कोण, हे स्टॅम्पवाल्यानं विचारलं नाही. वामनराव मात्र त्याच दिवशी कामाला लागले. दीड वर्ष खपून त्यांनी सतरा कलमांचं एक शपथपत्र तयार केलं. लग्न, नोकरी, मृत्यू, वारसा, हरवलेला पासपोर्ट, काहीही असो आणि देश कोणताही असो, हा एकच कागद चालणार होता. जे कलम लागू नसेल तिथे ‘लागू नाही’ लिहायचं. कोणाकोणाला सोळा ठिकाणी ‘लागू नाही’ लिहावं लागायचं, पण त्याला इलाज नव्हता. नेदरलँडमध्ये एका गावी देशोदेशीचे कायदे एका मापात बसवण्याचं काम चालतं, असं त्यांनी कुठेतरी वाचलं होतं. तिथे त्यांनी नमुना रजिस्टर पोस्टानं पाठवला आणि खाली लिहिलं, ‘पंधरा दिवसांत हरकत न आल्यास मान्य आहे असे समजण्यात येईल.’

हे वाक्य त्यांचं नव्हतं. तलाठी फेरफाराची नोटीस काढतो तेव्हा तीत अशाच अर्थाची ओळ असते, आणि वामनरावांच्या मते मानवजातीनं लिहिलेली ती सर्वांत उपयोगी ओळ होती. पंधरा दिवस गेले. नेदरलँडनं हरकत घेतली नाही. सोळाव्या दिवशी वामनरावांनी नमुन्याच्या माथ्यावर ठळक अक्षरांत छापून घेतलं: जगमान्य.

घरातही हाच कायदा होता. काय ठरवायचं ते वामनराव सकाळी आंघोळ करून जाहीर करत. बायको तानाबाई चुलीपाशी काही बोलत नसत. संध्याकाळी जीपमधून उतरेपर्यंत प्रस्ताव मंजूर झालेला असे. एकतीस वर्षांत घरातून एकही हरकत दाखल झाली नाही, हे ते पाहुण्यांना अभिमानानं सांगत.

त्यांची एकुलती एक मुलगी सुरभी नर्स झाली. आधी यवतमाळच्या दवाखान्यात होती, मग युरोपातल्या एका देशात गेली. देशाचं नाव घेत नाही, त्या बिचाऱ्यांचा यात काही दोष नाही. दोन वर्षांनी तिचा फोन आला, की मी इंद्रजितशी लग्न करते आहे, इथल्याच नोंदणी कचेरीत. इंद्रजित तिच्याच दवाखान्यात रक्त तपासायचा. तो दिग्रसजवळच्या तांड्यावरच्या पूनमसिंग राठोडांचा मुलगा. वामनराव चार दिवस फुगून बसले. पाचव्या दिवशी त्यांनी आपला जगमान्य नमुना काढून पाहिला, तर त्यात जातीचा रकानाच नव्हता. परदेशी फॉर्मांत तो नसतो, म्हणून त्यांनीही घातला नव्हता. स्वतःच्याच कागदापुढे माणूस काय बोलणार? त्यांनी होकार कळवला आणि तो आपला उदारपणा म्हणून मोजून घेतला.

आता लग्नासाठी त्या कचेरीला मुलीच्या बापाचं शपथपत्र हवं होतं, की मुलगी अविवाहित आहे. असली शपथपत्रं वामनरावांनी शंभर लिहिली होती, तीन ओळींची. पण हे स्वतःच्या मुलीचं आणि थेट युरोपात जाणारं. त्यांनी जगमान्य नमुना उघडला. कलम अकरा: ‘यापूर्वीचे सर्व विवाह, रूढी-परंपरेने झालेले धरून, व ते कसे संपुष्टात आले.’ हे कलम त्यांनी कुठल्याशा देशाच्या फॉर्मातून उचललं होतं आणि त्यावर त्यांचा फार जीव होता. दुसरा कोणी बाप असता तर ‘लागू नाही’ लिहून मोकळा झाला असता. वामनरावांनी पेन उचललं, थोडा वेळ विचार केला आणि लिहिलं: ‘एक. रूढीप्रमाणे, पिंपळ या वृक्षाशी, मौजे बोरी अरब. वृक्ष हयात आहे.’

गोष्ट खरी होती. सुरभीला मंगळ. ती परदेशी जाण्याच्या आधी गुरुजींनी सांगितलं होतं, की पहिला नवरा जगायचा नाही, तेव्हा पहिला नवरा झाडच करून टाका, मग दुसऱ्याला धोका नाही. त्याप्रमाणे गावाबाहेर नाल्याच्या काठच्या पिंपळाशी तिचं लग्न लावलं. अक्षता पडल्या, पिंपळाला मुंडावळ्या बांधल्या. इकडे हे होतं आणि झाल्यावर सगळे जेवून विसरून जातात. ते सरकारी कागदावर चढवायची बुद्धी आजवर कोणाला झाली नव्हती.

तीन आठवड्यांनी त्या देशाच्या कचेरीचं पत्र आलं. सोबत मराठी तर्जुमा होता. भाषा फार सभ्य होती. अर्जदार बाईंचे पहिले पती हयात असल्याचं त्यांच्या वडिलांनी शपथेवर कळवलं आहे, आमच्या देशात एका वेळी एकच विवाह चालतो, तरी घटस्फोटाचा हुकूम किंवा पतीच्या मृत्यूचा दाखला सादर करावा. तोवर लग्नाची तारीख स्थगित. पत्रात पिंपळाचा उल्लेख ‘श्री. पिंपळ’ असा होता.

सुरभी फोनवर आधी हसली, मग तिचा आवाज बसला. “बाबा, पुढच्या महिन्यात माझ्या व्हिसाची मुदत संपते. इंद्रजितला इथे कायम राहायची परवानगी आहे. लग्नाची नोंद झाली तर मीही राहीन, नाही तर नोकरी सोडून परत यावं लागेल. तुम्ही हे कायले लेहलं?”

“खरं हाये म्हणून लेहलं,” वामनराव म्हणाले. त्यांना मनातून वाईट वाटत होतं, पण त्याहून जास्त बरं वाटत होतं. त्यांचा कागद युरोपात कोणीतरी शेवटपर्यंत वाचला होता.

मग ते श्री. पिंपळांच्या मागे लागले. आधी ते एका वकिलाकडे गेले. वकील म्हणाला, घटस्फोट मागायचा तर समोरच्याला नोटीस बजवावी लागते, आणि तो घेत नसेल तर त्याच्या दारावर चिकटवावी लागते. वामनरावांनी गावच्या कोतवालाला, उकंडाला, विचारलं. उकंडा डोकं खाजवत म्हणाला, “चिकटवतो ना बावा. पण पिंपळाले दार कुठून आणू?” वामनरावांना मात्र आशा वाटायला लागली होती. पंधरा दिवसांत हरकत न घेणारा इतका खात्रीचा प्रतिवादी त्यांना जन्मात भेटला नव्हता. पण वकिलानं सांगितलं, की असली फिर्याद घेऊन गेलो तर न्यायाधीश आधी आपल्या दोघांना वेड्यांच्या इस्पितळात पाठवतील.

राहिला मृत्यूचा दाखला. ग्रामसेवक म्हणाला, जन्माची नोंद नसेल तर मृत्यूची कशी घेऊ? शिवाय आधी मरायला पाहिजे. मग झाड तोडायचं म्हटलं, तर ते ई-क्लासवर उभं, म्हणजे गावच्या सरकारी पडीत. पोरीला सरकारी नवरा मिळावा ही इकडच्या बापांची जुनी आस, आणि वामनरावांची ती नकळत फळाला आली होती. तोडायला परवानगी हवी, परवानगीला कारण हवं. कारण काय लिहावं यावर ते एक अख्खी सकाळ बसले. शेवटी तानाबाई बोलल्या. “जावयाले तोडता का आता? गावच्या बाया शनिवारी पानी घालतेत त्याले. तोडलं तं तुमालेच गावाबाहेर काढतीन.”

इकडे दिवस चालले होते. सुरभी रोज विचारायची आणि वामनराव रोज ‘कार्यवाही सुरू आहे’ म्हणून सांगायचे. नवव्या दिवशी ती रडली आणि तिनं स्वतःच त्या कचेरीच्या बाईंना गाठलं. बाई म्हणाल्या, मला घरच्यांशी समोरासमोर बोलू द्या.

तो व्हिडिओ कॉल वामनरावांनी मुद्दाम कडुनिंबाखाली घेतला. तिथे नेटवर्क चांगलं होतं आणि माणसंही असायची. दुपारी अडीचची वेळ, म्हणजे तिकडे सकाळ. त्यांनी कोट घातला होता. तानाबाईंना गावाहून आणून शेजारच्या स्टुलावर बसवलं होतं. अर्ज घेऊन आलेली आठ-दहा माणसं मागे उभी राहिली. पडद्यावर एका चौकटीत सुरभी, एकीत नोंदणी अधिकारी बाई, आणि एकीत दुभाषी. दुभाषी पुण्याची होती.

बाईंनी वामनरावांना विचारलं, की या वृक्षाला तुम्ही कायदेशीर जावई मानता का. वामनराव याच प्रश्नाची वाट पाहत होते. रूढी म्हणजे काय, कायदा जगभर एकच कसा आहे, कलम अकराचं महत्त्व काय, नेदरलँडनं हरकत कशी घेतली नाही, हे सगळं त्यांनी नऊ मिनिटं सांगितलं. दुभाष्या बाईंनी ते एका वाक्यात सांगितलं. मग अधिकारी बाई सुरभीकडे वळल्या. प्रश्न लहान होता. त्या दिवशी त्या लग्नाला तुमची संमती होती का?

“होती,” वामनराव म्हणाले. “तिनं काही हरकत घेतली नाही.”

“काका, प्रश्न तुम्हाला नाहीये,” दुभाषी म्हणाली. “आणि हरकत होती का असं त्या विचारत नाहीयेत.”

सुरभी काही बोलेना. वामनरावांना हायसं वाटलं. गप्प बसणं त्यांच्या बाजूनंच पडत आलं होतं.

“मले पूजा हाये म्हणून सांगितलं होतं,” ती हळूच म्हणाली. इतका वेळ ती शुद्ध बोलत होती, ते सुटलं. “मी दोन दिवसांच्या सुट्टीवर आलती. पिवळी साडी दिली अन् उभी राह्य म्हणलं. मंगलाष्टकं सुरू झाली तवा समजलं. मले कोणीच इचारलं नाही.”

“मंग तवाच बोलली काहून नाही?”

“मी रडून राह्यली होती, बाबा. तुमी पाह्यलं. गुरुजी म्हणले, लग्नात पोरी रडतच असतेत. अन् तुमी हसले.”

मागे उभी असलेली माणसं एकदम कचेरीच्या पाट्या वाचायला लागली. अधिकारी बाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, मग हे लग्नच नव्हे. आमच्या कायद्यात संमतीशिवाय लग्न होत नाही, माझ्या माहितीप्रमाणे तुमच्याही नाही, आणि मी ज्या ज्या देशांचे कागद पाहते त्यांच्यातल्या कुणाच्याच नाही. मुलीला विचारलं नव्हतं, एवढं वडिलांनी शपथेवर लिहून द्यावं. शुक्रवारपर्यंत आलं तर तारीख कायम राहील.

म्हणजे वामनरावांचा सिद्धांत सिद्ध झाला. सगळ्या देशांचा कायदा एका जागी आला होता, तोही एका ओळीत, आणि सतरा कलमांत तेवढी एक ओळ नव्हती. एखाद्याला आनंद झाला असता.

वामनरावांना झाला नाही. त्यांना त्या पोरीचा राग आला, मग त्या बाईंचा, मग स्वतःचा. स्वतःचा फार वेळ टिकला नाही. एकतीस वर्षं त्यांनी दुसऱ्यांच्या चुका लिहिल्या होत्या, आणि आपण काही चुकलो असं लिहिण्याची पाळी कधी आली नव्हती. सुरभी रडत होती हे त्यांनी पाहिलं नव्हतं असंही नाही. अर्जनवीसाला सगळं दिसतं. तो लागेल तेवढंच लिहितो.

पहिला मसुदा त्यांनी फोनवर वाचून दाखवला. ‘मुलीची संमती गृहीत धरण्यात आली होती.’ सुरभी म्हणाली, नाही. दुसऱ्यात ‘संमती घ्यावयाची अनवधानाने राहून गेली.’ नाही. तिसऱ्यावर त्यांचा विश्वास होता. ‘संमती घेतल्याचे दप्तरी आढळून येत नाही.’

“कोणाच्या दप्तरी, बाबा?” सुरभी म्हणाली. “मी रडत होती, मी तुमाले दिसली, तुमी मले इचारलं नाही, एवढंच हाये हे. सरळ लेहा. आज गुरुवार हाये.”

“अवं, चार माणसं वाचतीन ते.”

“लग्न पाह्यलं तवाही चाळीस माणसं होती.”

वामनरावांनी फोन ठेवला. जगमान्य नमुना बाजूला सारला आणि कोऱ्या कागदावर हातानं लिहिलं: ‘माझी मुलगी सुरभी हिचा पिंपळाशी विवाह मी लावला. तिला विचारले नाही. ती रडत होती ते मी पाहिले.’ एवढा छोटा कागद त्यांनी आयुष्यात लिहिला नव्हता, आणि इतका वेळ कुठल्याच कागदाला लागला नव्हता.

शुक्रवारी ते आपल्याच गिऱ्हाइकांच्या रांगेत उभे राहिले. नायब तहसीलदार तरुण होते, सगळे कागद मोठ्यानं वाचायची त्यांना सवय होती. त्यांनी हाही वाचला. तिसऱ्या वाक्याला त्यांचा आवाज बारीक झाला, पण तोवर रांगेनं ऐकलं होतं.

“गावंडे, हे खरं आहे?”

“खरं हाये.”

“नमुन्यात नाही लिहिलंत.”

“नमुन्यात बसत नव्हतं,” वामनराव म्हणाले. शिक्का बसला. स्कॅन करून कागद त्याच दुपारी युरोपात गेला आणि सोमवारी उत्तर आलं, की हरकत नाही.

लग्न ठरल्या तारखेला झालं. बोरी अरबच्या घरी वामनराव आणि तानाबाई मोबाइल तांदळाच्या डब्याला टेकवून पाहत बसले होते. दहा मिनिटांचं काम होतं. त्याच अधिकारी बाई उभ्या होत्या. त्यांनी इंद्रजितला विचारलं, तू हे लग्न स्वतःच्या मनानं करतो आहेस का. तो हो म्हणाला. मग सुरभीला विचारलं. दुभाषीचं वाक्य पुरं व्हायच्या आत सुरभी हो म्हणाली, आणि इतकी हसली की पडद्यावर तिचे डोळे दिसेनात. वामनरावांनी चष्मा काढून पुसला. तानाबाईंनी ते पाहिलं, म्हणून ते बोलले.

“आता हे का इचारनं झालं? एवढी नटूनथटून समोर उभी हाये म्हणजे राजीच हाये ना पोरगी.”

“तुमच्यासमोर मीही अशीच उभी होती,” तानाबाई म्हणाल्या, आणि मोबाइल उचलून आपल्या मांडीवर घेतला.